पार्ट मिळाला, पण

“पार्ट मिळाला ना? मग बसवा की,” असं म्हणत नवरा थेट प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर अकरा वर्षांचा छोट्या, अंगात नवा शर्ट. मुठीएवढ्या डोक्यावर बापानं हौसेनं भांगही पाडला होता.

बायको इथेच टेक्निशियन. सकाळी फोन करून आनंदाची बातमी तिनंच दिली होती आणि आता जीभ चावायची वेळ आली होती.

छोट्याच्या दंडाची चिमूटभर कातडी घेऊन प्रयोगशाळेच्या साहेबांनी त्या कातडीपासून मेंदू घडवणाऱ्या मूळपेशी बनवल्या होत्या. चांगल्या मूळपेशी आधी आपल्यासारख्याच आणखी मूळपेशी तयार करतात. पुरेशा झाल्या की मग मेंदूच्या पेशी बनू लागतात. छोट्याच्या मूळपेशींना तेवढा धीरच नव्हता. एका बिघडलेल्या जनुकामुळे त्या घाईनं मेंदूच्या पेशी होऊन मोकळ्या व्हायच्या, मागे कोणी उरायचंच नाही. म्हणून त्याचा मेंदू आणि डोकं लहानच राहिलं होतं. ते जनुक साहेबांनी प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये दुरुस्त केलं आणि पेशी भराभर वाढू लागल्या.

नवऱ्याचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. बिघाड सापडला, पार्ट मिळाला, की वस्तू चालू. आज दुकान बंद ठेवून तो आला होता.

साहेब बाहेर आले. “दादा, बसा ना.”

“बसत नाही. ह्याला कुठं झोपवू तेवढं सांगा.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. शेवटी तीच बोलली.

“अहो, मेंदूची बांधणी पोटातच होते. ह्याच्या मूळपेशी तेव्हाच संपल्या. आता ह्याच्यात दुरुस्त करायला त्या उरल्याच नाहीत.”

“मग ते जनुक दुरुस्त केलं ते कशात?”

“डिशमधल्या पेशींत.”

“म्हणजे छोट्याला त्याचा काही उपयोग नाही?”

“पुढं कधीतरी दुसऱ्या एखाद्या मुलाला...” साहेब म्हणाले.

“दुसऱ्याला,” नवरा म्हणाला. त्यात राग नव्हता, तेच तिला सोसवेना. छोट्याची मान कलली होती. नवऱ्यानं तळहातानं ती उचलून पुन्हा खांद्याला लावली.

“मला त्या पेशी बघू तरी दे.”

तिनं डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. छोट्याला तिच्याकडे देऊन तो वाकला आणि बराच वेळ बघत राहिला.

“छान वाढतायत गं,” तो म्हणाला. मग पोराला घेऊन, मागे न बघता जिना उतरला.

साहेब केबिनमध्ये गेले. ती डिशपाशी एकटीच उरली. स्वतःच्याच पोराच्या पेशी, पण तिला त्यांचा मनापासून राग आला. आता चांगल्या वाढतायत, तेव्हा पोटात काय झालं होतं? डिश उचलून बेसिनमध्ये ओतावी असं क्षणभर वाटलं.

पण त्यांची खायची वेळ झाली होती. तिनं जुनं पाणी काढलं, ताजं खाद्य घातलं, झाकण लावलं आणि डिश दोन्ही हातांनी धरून उबेच्या कपाटात ठेवली.