एकच प्रत

मी एक फोटो आहे. मोबाईलमधला नव्हे, कागदावरचा. पोस्टकार्डाएवढा, काळापांढरा, कडेने पिवळा पडलेला. सध्या मी मातीखाली आहे आणि माझ्याकडे फार दिवस नाहीत. मी कसा दिसतो ते आधीच सांगून टाकतो, कारण माझी नक्कल तुम्ही बहुतेक पाहिलेली आहे. चौकटीच्या साडीतली एक तरुण बाई पाटावर बसली आहे आणि तिच्या मांडीवर पांढरं टोपडं घातलेलं बाळ डोळे मिटून आहे.

माझा जन्म त्र्याण्णव सालचा, पारनेर तालुक्यातला. ती बाई म्हणजे फिलोमिनाबाई, गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिका. बाळ त्यांचा डॅनी. पहिल्या वाढदिवसाला स्टुडिओत नेऊन झोकात फोटो काढू, असं आईबापांनी ठरवलं होतं, म्हणून तोवर त्याचा एकही फोटो काढलेला नव्हता. अकराव्या महिन्यात डॅनी न्यूमोनियाने गेला.

ख्रिस्ती घरांत माती देण्याआधी पेटीभोवती उभं राहून फोटो काढतात. लांबच्या नातलगांना शेवटचं दर्शन तेवढंच. बाईंचे यजमान शलमोन यांनी स्टँडजवळच्या रंगनाथ फोटोवाल्याला बोलावून आणलं. पण बाई बाळाला पेटीत ठेवूच देईनात. फादर समजावून थकले, शेजारणी थकल्या. शेवटी रंगनाथ म्हणाला, राहू द्या, मांडीवरच काढतो. त्याने नाव घेऊन हाक मारली तेव्हा बाईंनी एकदाच वर पाहिलं. रडणं संपून गेलेलं होतं, चेहऱ्यावर काहीसुद्धा उरलं नव्हतं. तोच चेहरा माझ्यावर उमटला.

आठ दिवसांनी रंगनाथ मला पाकिटात घालून घेऊन आला. सोबत निगेटिव्हही आणली.

"ठिवा बाई," तो म्हणाला. "दुकानात काय बी ठिवलं न्हाई म्या. असला फोटू एकाच घरात असावा."

ती निगेटिव्ह पुढे बदल्यांच्या धावपळीत ओल लागून गेली. मी मात्र बाईंच्या बायबलात, स्तोत्रांच्या पानांत, जपून राहिलो. रोज संध्याकाळची प्रार्थना झाली की बाई मला काढायच्या आणि अंगठ्याने टोपड्यावरून हात फिरवायच्या. माझी तेवढ्या जागची चकाकी कधीच गेली आहे. जगात माझी एकच प्रत आहे, याचा मला फार तोरा होता. लग्नाचे फोटो भिंतीवर लटकतात, आल्यागेल्याला दात दाखवतात. माझं तसं नव्हतं. मला बघायला दोन माणसं होती. शलमोन गेले आणि एकच उरलं.

बाई केडगावात घर बांधून राहिल्या, निवृत्त झाल्या. डॅनीच्या पाठची जास्मिन सुप्याच्या एका कंपनीत नोकरीला लागली. भावाला तिने पाहिलेलं नव्हतं, तरी दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आईबरोबर कबरस्तानात जाऊन ती त्याच्या कबरीवर मेणबत्ती लावायची. परवाच्या नाही, त्याआधीच्या नोव्हेंबरात घरी आल्यावर तिने मला टेबलावर ठेवलं, मोबाईलने माझा फोटो काढला आणि डॅनीचं नाव लिहून सगळ्यांना दिसेल असा टाकला. वाईट हेतू नव्हता हो. दादाचंही कुणीतरी नाव घ्यावं, एवढंच तिच्या मनात होतं.

दोनशे जणांनी हात जोडले, कुणी बदाम पाठवले. जास्मिन एकेक वाचून दाखवत होती. बाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "आपल्या डॅनीला एवढी माणसं ओळखतात?" त्या संध्याकाळी त्या खूश होत्या. मी खोटं का बोलू, मीही होतो.

पाच महिन्यांनी शेजारच्या राहीबाई नातवाला कडेवर घेऊन आल्या. मी टेबलावरच होतो, उघड्या बायबलात पानाआड. त्यांनी मोबाईल बाईंच्या पुढ्यात धरला.

"बाई, हिचं त्वांड नीट बघून ठिवा. पोरं पळवती ही. बगा, औशिद देऊन लेकराला बेसुद केलंय."

त्यात मी होतो. डॅनीचं नाव कापून टाकलेलं आणि बाईंच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढलेला. खाली लिहिलं होतं, दिसेल तिथे धरा, सोडू नका. तीस वर्षांपूर्वीचा तो चेहरा राहीबाईंना ओळखू येण्याचं कारणच नव्हतं.

बाईंनी बराच वेळ पाहिलं. मग हळूच विचारलं, "तिचंच नसेल कशावरून?"

"आईचं त्वांड असं आसतंय व्हय? दगडावानी बसलीय बगा. मी तर चार गुरपांवर टाकलं."

बाई म्हणाल्या, बरं केलंत, आणि त्यांनी चहा टाकला. मी तिथे हात जोडून ओरडलो असतो, पण मला हात बाईंचेच आहेत आणि ते बाळाखाली अडकलेले आहेत.

जास्मिनने स्वतः टाकलेला फोटो काढून टाकला. बाकीचे काढा म्हणून अर्ज दिले. जिथे मी दिसेन तिथे खाली लिहिलं, ही माझी आई आहे. एकाने विचारलं, पुरावा काय? दुसऱ्याने लिहिलं, म्हणजे तूही त्याच टोळीतली. एका ठिकाणाहून मला काढलं की मी दहा ठिकाणी उगवत होतो. शेवटी तिनेही लिहिणं सोडलं. बाई तिला एका शब्दाने बोलल्या नाहीत. संध्याकाळी मला उघडायच्या, पण अंगठा टोपड्यावर यायचा नाही. नजर स्वतःच्या चेहऱ्यावरच अडकायची. एकदा त्या माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "खरंच दगडासारखी दिसते मी." त्यानंतर त्यांनी ते पान उघडलं नाही.

या नोव्हेंबरात बाईंनी फुलांच्या पिशवीत खुरपं घेतलं. कबरस्तानात डॅनीच्या उशाशी वीतभर खड्डा केला आणि मला रुमालात गुंडाळलं. जास्मिनने त्यांचा हात धरला. "मम्मी, एकच आहे गं तो."

"एकच कुठं राहिलाय आता," बाई म्हणाल्या आणि वर माती लोटली.

आता दव झिरपतंय. कागद फुगलाय, टोपडं आणि साडी एकमेकांत मिसळू लागलीत. माझ्या नकला मात्र धडधाकट आहेत, त्यांना ओल लागत नाही. बाई त्या लाल गोलातच जन्मभर राहणार. ज्या घरासाठी मी जन्मलो, तेवढ्या त्या घरात मी नाही.

तुमच्याकडेही मी येईन. तुम्ही पुढे ढकलू नका, असं सांगून काही होईल असं मला वाटत नाही, तरी सांगतो. ते बाळ बेशुद्ध नाही, ते गेलेलं आहे. आणि मांडी त्याच्या आईचीच आहे.