पांढरी बटणं

मावशीने फोटो मला दाखवला तोवर चार जणींना पाठवून ती मोकळीही झाली होती. खाली लिहिलं होतं, आज सकाळी आपल्या टाकीत विष टाकताना हा माणूस पकडला. फोटोत आपल्या बिल्डिंगची टाकी धुणारे काका, टाकीच्या तोंडाशी वाकलेले, हातात बाटली.

शाळा सोडल्यापासून मी मावशीच्या शिलाईच्या दुकानात काज-बटण करते. मला माणसाच्या तोंडाआधी त्याची बटणं दिसतात. फोटोतल्या शर्टाला पांढरी बटणं. आणि तोच शर्ट गेल्या आठवड्यात बटण तुटलं म्हणून माझ्याकडे आला होता. पांढरी संपली होती म्हणून मी सगळी काढून तपकिरी लावली. काका म्हणाले होते, लाव गं, टाकीत बघतंय कोण.

"मावशे, हा आजचा फोटोच नाही."

ती म्हणाली, शाळेतल्या बाईंनी पाठवलाय, त्या कशाला खोटं बोलतील. मी तिचाच फोन घेतला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर मागे मागे गेले. सापडला. दोन महिन्यांपूर्वीची जाहिरात, काकांच्या मुलीने केलेली: टाकी धुऊन मिळेल. बाटलीवर जंतुनाशकाचं नाव, खाली नंबर. आताच्या फोटोत नाव आणि नंबर दोन्ही कापलेले.

तशीच बिल्डिंगकडे पळाले. काका शिडी धरून गेटबाहेर उभे, वॉचमन आत सोडेना. मी सेक्रेटरींना दोन्ही फोटो दाखवले.

"आता बटणांवरून बातमी ठरवायची का?" ते हसले.

मी विचारलं, सकाळी पकडलं कोणी? माहीत नाही. वॉचमनने बघितलं? नाही. कोणाचं पोट दुखलं, उलटी झाली? नाही.

"मग?"

"मग काय, लोक घाबरलेत. आणि काहीतरी असल्याशिवाय लोक बोलतात का?"

माझं डोकंच फिरलं. सेक्रेटरींनी काकांना सांगितलं, मीटिंग होईपर्यंत येऊ नका. मीटिंग कधी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दुकानात परत येऊन मावशीला 'फोटो जुना आहे, बातमी खोटी आहे' असं लिहायला लावलं. तिने 'खोटी' पुसलं. म्हणे बाईंना वाईट वाटेल. मी परत लिहिलं. चौघींपैकी एकीने अंगठा पाठवला. दुसरीने विचारलं, मग आजचा फोटो आहे का तुझ्याकडे? मी हात टेकले.

तेवढ्यात काका आले. शिडी भिंतीला लावली, पाणी प्यायले.

"मुलीला नका सांगू," ते मावशीला म्हणाले. "तो फोटो तिने काढलाय. मीच म्हणालो होतो, काढ, कामं मिळतील."

मावशीला मान वर करता येईना. मी तिचा फोन पुढ्यात ओढला आणि चौघींना एकेक करून फोन लावायला घेतला. पहिलीने उचललाच नाही. मी पुन्हा लावला.