कनकाचं अळणी व्रत

माझी बहीण कनका एकोणीस वर्षांची होती, आणि माझ्या वर्गातला ग्रंथींचा तक्ता तिनं रंगवला होता. तिरुवल्लिक्केणीतल्या शाळेत मी शरीरशास्त्र शिकवायचो. ही १९५८ सालची गोष्ट. तेव्हा माझा समज होता की मद्रासेत माझ्याइतकं चांगलं शरीरशास्त्र कोणी शिकवत नाही. आता तो समज आठवला तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तक्त्यावर माणसाची आकृती होती. मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी पिट्युटरी, गळ्याशी थायरॉईड, पोटात स्वादुपिंड आणि दोन मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन टोप्या, म्हणजे अ‍ॅड्रिनल. मी मुलांना सांगायचो, या ग्रंथींना नळी नसते, आपला रस त्या थेट रक्तात सोडतात. घरातली मोठी बाई जागची उठत नाही, आवाज चढवत नाही, पण कोणाला कधी काय हवं हे सगळं तिच्यामुळे सुरळीत चालतं, तसं त्यांचं काम. ती बाई आजारी पडली की मगच घराला कळतं. मुलं हसायची. मलाही माझं बोलणं फार आवडायचं.

त्या दोन टोप्यांत पिवळा रंग भरताना कनकानं विचारलं होतं, "अण्णा, ह्या काय करतात?"

"अंगातलं मीठ आणि पाणी सांभाळतात. माणसाला उभं ठेवतात म्हण. परीक्षेला थायरॉईड येतो, ह्यांच्यावर प्रश्न येत नाही. तूं रंग बाहेर जाऊं देऊं नको."

तिनं रंग बाहेर जाऊ दिला नाही. हात फार स्वच्छ होता तिचा.

घरात आम्ही तिघंच. वडील गेल्यावर आई, मी आणि कनका तंजावरहून मद्रासला आलो होतो. कनकाचं लग्न कुंभकोणमच्या गुरुमूर्तिरावांच्या मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात त्यांनी तिला पाहिलं होतं, आणि पसंतीचा निरोप लगेच आला होता. मुहूर्त तेवढा धरायचा राहिला होता. पण दिवाळीनंतर ती मंडळी घरी आली, आणि मुलाची आई कनकाकडे बघतच राहिली. कनका काळवंडली होती. नुसता चेहरा नाही; हाताची पेरं, कोपरं, तळहाताच्या रेषा, सगळं शाईनं गिरवल्यासारखं. त्या बाई गोड बोलून गेल्या. म्हणाल्या, "घाई कशाला? चैत्रात बघूं." त्याचा अर्थ आईला बरोबर कळला. तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग हळद झाली, डाळीचं पीठ झालं, दुधाची साय झाली. मी शहाणा. मी म्हटलं, "गच्चीवर पापड वाळत घालते, ऊन लागलं असेल." ऊन तळहाताला कसं लागेल, हा प्रश्न मी एखाद्या विद्यार्थ्याला नक्की विचारला असता. घरात मला तो सुचला नाही. ती जिना चढताना मध्येच बसायची, हडकली होती, सकाळी उठताना भिंत धरायची. लग्न लांबलं म्हणून मनाला लावून घेतलं असेल, एवढंच आम्हाला वाटलं.

आणि ती मीठ खायला लागली. भातावर मीठ, ताकात मीठ, फळाच्या फोडीला मीठ. वडुमांगा, म्हणजे मिठात मुरवलेल्या कोवळ्या कैऱ्या. त्यांच्या बरणीतलं खारट पाणी ती वाटीत घेऊन प्यायची. आईनं ते पाहिलं आणि तिला वाटलं, आता मूळ सापडलं.

"मीठ खाऊन खाऊन रक्त जळलं पोरीचं," आई म्हणाली. "अय्यो, मग रंग कसा राहील?"

ती आमचे उपाध्याय वेंकोबाचार्य यांच्याकडे गेली. त्यांनी सांगितलं, कातडीचा धनी सूर्यनारायण. रथसप्तमीपासून एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, अळणी जेवायचं. मिठाचा खडा तोंडात जाता कामा नये. रंग उजळेल आणि चैत्रात मुहूर्तही निघेल.

कनका कधी हट्ट करणारी नव्हती. त्या दिवशी मात्र तिनं आईचे पाय धरले. "आई, गोड सोडतें, एक वेळ जेवतें, पाहिजे तर भातही सोडतें. मीठ नको सोडायला लावूं."

आई माझ्याकडे वळली. आई अडाणी होती, पण मनाची क्रूर नव्हती. तिनं खरंच विचारायचं म्हणून विचारलं. "पद्दू, तूं शिकलेला. मीठ सोडून तिला काही होईल का? तूं नको म्हणालास तर नको."

मी वह्या तपासत होतो. मान वर न करता मी म्हटलं, "काही होत नाही. दुधात, भाजीत असतं तेवढं मीठ शरीराला पुरतं."

धडधाकट माणसाबद्दल ते अगदी खरं आहे.

रथसप्तमीला रुईची पानं डोक्यावर ठेवून कनकानं आंघोळ केली आणि व्रत धरलं. पाचव्या दिवशी मी शाळेतून लवकर आलो, तर ती कोठीच्या खोलीत खाली बसलेली, मांडीवर वडुमांग्याची बरणी, ओठ ओले. माझं डोकंच फिरलं.

"लाज नाही वाटत? लग्न तुझं, रंग तुझा, आणि तुझ्यासाठी आई एक वेळ जेवते!"

"अण्णा, जिभेला पाहिजे म्हणून नाही रे खात," ती म्हणाली. "खाल्लं कीं उभं राहतां येतं मला."

माणसाला उभं ठेवतात. माझेच शब्द होते ते, तीन महिन्यांपूर्वीचे. ते ती मला परत ऐकवत होती आणि मी ऐकत नव्हतो. मी तिचा हात धरून माझ्या गळ्याला लावला.

"माझ्या गळ्याची शपथ घे. आता एक खडाही खाणार नाहीस."

तिची बोटं गार होती. तिनं बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सरी अण्णा, बरं. शपथ." आमच्या वडिलांनंतर तिला मीच होतो. माझ्या गळ्याची शपथ ती मोडणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच मी ती घातली.

नवव्या दिवशी तिला घेरी आली. बाराव्या दिवसापासून उलट्या सुरू झाल्या. वेंकोबाचार्य म्हणाले, दोष बाहेर पडतोय. आई तिला बिनमिठाचं ताक पाजायची आणि ती ते ओकून टाकायची. मी म्हटलं, पित्त असेल. सतराव्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरात पडली ती उठली नाही. मी तिला उचललं तेव्हा तिचं वजन एखाद्या लहान मुलीएवढं लागलं. आईला घरी ठेवून मी टॅक्सीनं तिला मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथले डॉक्टर रामस्वामी वयस्कर होते. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि मग तिचा वरचा ओठ बोटानं उचलला. हिरड्यांवर निळसर काळे डाग होते. तिचा तळहात उघडून त्यांनी रेषा पाहिल्या. परिचारिकेला भराभर सूचना दिल्या, तिच्या शिरेत सुई लावली, वर बाटली टांगली. मग मला तमिळमध्ये विचारलं, "मीठ फार मागायची का?"

"हो."

"मग?"

"सतरा दिवस बंद आहे. व्रत होतं."

त्यांनी तिचा तळहात हलकेच खाली ठेवला. "तुम्ही काय करता?"

"शिक्षक आहे."

"कोणता विषय?"

मी सांगितलं. इतक्या हळू सांगितलं की त्यांनी पुन्हा विचारलं आणि मला पुन्हा सांगावं लागलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. सहशिक्षकाशी बोलावं तसं ते बोलले. तिच्या दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी झाल्या होत्या, बहुधा आतल्या आत क्षयानं. त्यांचा रस रक्तात नसला की शरीराला मीठ धरून ठेवता येत नाही, सगळं लघवीवाटे वाहून जातं, त्याच्यामागे पाणी जातं, रक्तदाब उतरतो. ग्रंथी दाद देईना म्हणून मेंदूखालची पिट्युटरी तिला सारखे हुकूम सोडत राहते आणि त्याच गडबडीत कातडी काळी पडते. "शरीर स्वतःच औषध शोधत होतं," ते म्हणाले. "ती जे खात होती त्याच्यावर ती तगली होती." ग्रंथीचा रस आता औषध म्हणून मिळतो, त्याचं इंजेक्शन दिलंय, पण उशीर फार झालाय, असंही ते म्हणाले.

दुपारी कनकानं डोळे उघडले. वर टांगलेल्या बाटलीकडे बघून तिनं विचारलं, "हें काय?"

परिचारिका तमिळमध्ये कौतुकानं म्हणाली, "मिठाचं पाणी गं, दुसरं काही नाही."

कनका घाबरली. सुई असलेला हात तिनं ओढून घ्यायचा प्रयत्न केला. "अण्णा," ती म्हणाली, "तुझी शपथ आहे ना."

"सुटली," मी म्हटलं. "कनका, शपथ सुटली. सुटली म्हणतोय ना मी."

मी ते किती वेळा म्हटलं मला माहीत नाही. तिनं ऐकलं की नाही, तेही माहीत नाही. चार वाजता ती गेली. बाटली अजून अर्धी भरलेली होती.

लग्न न झालेल्या मुलीचं फार काही करायचं नसतं. पण आईनं हट्ट धरला की दहा दानं तरी झालीच पाहिजेत. वेंकोबाचार्य आले. तीळ झाले, वस्त्र झालं, तूप, गूळ, धान्य झालं. मग ते यादीतलं पुढचं म्हणाले, "मीठ आणा."

मी स्वयंपाकघरात गेलो. मिठाची बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. सतरा दिवस आईनंही मीठ खाल्लं नव्हतं, आणि मी बाहेर खाऊन यायचो. मी ती बरणी उचलून आणली आणि त्यांच्या पुढ्यातल्या सुपात ओतायला लागलो.

"पुरे, पद्मनाभा," ते म्हणाले. "मूठभर पुरतं."

मी ओतत राहिलो. डॉक्टर काय म्हणाले ते मी आईला सांगितलं नव्हतं. आजही, ती आहे तोवर, सांगणार नाही. ती भिंतीला टेकून बसली होती, ती पुढे सरकली आणि तिनं माझा हात धरला.

"पद्दू, एक विचारतें, खरं सांग. तिनं चोरून मीठ खाल्लं होतं का? शेवटी शेवटी? व्रत मोडलं म्हणून जालं का हें?"

वेंकोबाचार्यही माझ्याकडे बघत होते.

"नाही आई," मी म्हटलं. "एक खडासुद्धा नाही."

आईनं डोळे मिटले आणि हात जोडले. "माझी पोर खरी," ती म्हणाली. "शब्द नाही मोडला तिनं."

मी बरणी उपडी केली आणि तळाचं मीठ हातानं खरवडून काढायला लागलो.