भिवापूरची लांब तार

"लाईन ठणठणीत हाय बाबू. खांबन्‌खांब पाहून आलो," मारोतराव लाईनमनने टोपी काढून घाम पुसला. "भिवापूरच्या यंत्रातबी खोट नाही. मंग लंबी तारच काहून अडकते, देवाले ठाऊक!"

कृष्णकांत नागपूरच्या तारघरात तारबाबू होता. हाताने कट्टकट्ट करून तारा धाडायच्या आणि पलीकडची कट्टकट्ट ऐकून उतरवून घ्यायच्या, हेच त्याचं पोट. भिवापूरला लहान तारा भुर्रकन जात. पण मिरचीच्या व्यापाऱ्याची लांबलचक तार निघाली, की तिथले वामनराव मध्येच थांबवत, "पुन्हा पाठव." मग पहिल्या शब्दापासून सगळं पुराण. व्यापारी बोंबलू लागले, तेव्हा साहेबाने कृष्णकांतलाच दोष शोधायला पिटाळलं.

छोट्या लाईनच्या आगगाडीने धूळ खात तो भिवापूरला पोचला. दारातून त्याने हाक मारली. पाठमोरे बसलेले वामनराव हलले नाहीत. तो आणखी मोठ्याने ओरडला. तरी नाही. त्यांच्या डाव्या हाताचं बोट यंत्रावर टेकलेलं होतं आणि उजव्या हाताने ते तार लिहून घेत होते. म्हातारा कट्टकट्ट ऐकत नव्हता, बोटाला लागणाऱ्या ठोक्यांवरून तार वाचत होता. "सुखरूप पोचलो", "लगेच निघा" असल्या लहान तारा म्हातारा सवयीने अर्ध्यातच ओळखत असणार. लांब तारेत बोट बधिर होत असणार.

खांद्यावर हात पडताच वामनराव दचकले. चेहरा पाहूनच त्यांना कळलं.

"सायबाले सांगशील?"

"तुमाले कधीपासून ऐकू येत नाही?" कृष्णकांत त्यांच्या कानाशी ओरडला.

"ते सोड गा. माही प्रेमिला नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात हाय. पोरगी बरी होईस्तोवर राहू दे मले या खुर्चीवर. मंग मीच राजीनामा देतो."

लाईनीत ओल धरली होती, असं कृष्णकांतने साहेबाला ठोकून दिलं. लांब तार तो आता घास-घास करून भरवू लागला. थोडे शब्द, पलीकडून "मिळालं", बोटाला विसावा, मग पुढचे. तारा झरझर जाऊ लागल्या. साहेबाने मारोतरावची पाठ थोपटली आणि त्यानेही ती मुकाट थोपटून घेतली.

पोळ्यानंतर एका दुपारी वामनरावांचा मेहुणा चंपतराव खिडकीशी आला. डोळे सुजलेले.

"बाबू, भिवापूरले धाडा. भाऊजीलेच हाय."

त्याने पुढे केलेल्या कागदावर लिहिलं होतं: प्रेमिला गेली. लगेच या.

कृष्णकांतने तार वाचली. लहान तार. सवयीने म्हातारा "प्रेमिला बरी" असंच समजून बसला तर? म्हणून त्याने एकेक शब्द सुटा पाठवायचं ठरवलं.

"प्रेमिला."

"मिळालं."

"गेली."

मग पलीकडून आलं, "पुन्हा पाठव."

त्याने पुन्हा पाठवलं.

"पुन्हा पाठव."

शब्द समजला नव्हता असं नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. साहेब मागे येऊन उभा राहिला. कृष्णकांतने मान वर केली नाही. बाप मागत होता तितक्यांदा तो "गेली" पाठवत राहिला.

शेवटी "मिळालं" आलं. आणि पाठोपाठ, सावकाश, एक अक्षरही न चुकता, "पुढचा शब्द पाठव."