उरलेलं घर

मॅडमनी फळ्यावर दोन कोरे कागद चिकटवले. डावीकडच्यावर लिहिलं ‘वायरमन’, उजवीकडच्यावर ‘इस्त्रीवाली’.

“खरी नावं अर्जावर आहेतच,” त्या म्हणाल्या. “इथे तुम्ही एकमेकांना जसं ओळखता तसंच बरं.”

शाळेचा वर्ग होता. बाकं लहान मुलांची, त्यामुळे मोठी माणसं गुडघे वर करून अंग चोरून बसली होती. त्यांची जुनी इमारत महिनाअखेर पाडणार होते. मॅडमच्या फाउंडेशनने मागच्या गल्लीतली एक इमारत घेऊन दुरुस्त केली होती, आणि भाडं परवडेल एवढंच ठेवायचं कबूल केलं होतं. कुटुंबं सतरा, घरं सोळा. पंधरा घरं कुणाला ते ठरून गेलं होतं. उरलं होतं दुसऱ्या मजल्यावरचं एक, आणि अर्जांच्या छाननीत दोघांचे गुण सारखे आले होते. ज्याला मिळणार नाही त्याने आपली सोय बघायची होती.

“आम्ही बाहेरच्यांनी का ठरवावं?” मॅडम म्हणाल्या. “वस्ती तुमची. गरज कोणाची जास्त हे तुमच्याइतकं कोणाला कळणार?”

“म्हणजे सुरी तुमची आणि हात आमचे,” मागच्या बाकावरून वॉचमन म्हणाला.

लोक हसले. मॅडमही हसल्या. मग त्यांनी पंधरा कुटुंबांना एकेक हिरवा गोल स्टिकर वाटला. दोघांनी तीन-तीन मिनिटं बोलायचं, मग ज्याला द्यायचं त्याच्या कागदावर स्टिकर लावायचा.

आधी इस्त्रीवाली उठली. तिला तीन मिनिटं लागलीच नाहीत. दोन मुली आहेत, नवरा चार वर्षांपूर्वी सोडून गेला, कुठे आहे माहीत नाही, जिन्याखाली इस्त्रीचं टेबल आहे ते या भागातून हललं की गिऱ्हाईक तुटेल. एवढं बोलून ती बसली. धाकटी मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती.

मग वायरमन उभा राहिला.

“बायको जाऊन एकोणीस दिवस झाले,” तो म्हणाला. “खोलीला ओल आहे. भिंतीतून पाणी पाझरतं. बोर्डाला हात लावला तर झटका बसतो, मी स्वतः वायरमन असून. पाच महिने ती त्या ओलीत पडून होती. मी तिला म्हटलं होतं, नव्या इमारतीत गेलो की तुला उन्हात झोपवतो.”

कोणीतरी च्‌ च्‌ केलं. इस्त्रीवालीने डोळ्याला पदर लावला. त्या पाच महिन्यांत तो कामावर गेला की तीच आत येऊन आजारी बाईचं अंग पुसायची, केस विंचरायची. दोघींच्या गप्पा जिन्यापर्यंत ऐकू यायच्या. तो घरी आला की बायको गप्प व्हायची. दिवसभराने थकली असेल, असं तो धरून चालायचा.

“वाईटच झालं,” वॉचमन म्हणाला. “पण वायरमन, राग मानू नकोस. आता तू एकटा. एकट्या माणसाला काय, एक खाट टाकली की झालं. ऊन खायला आता आहे कोण?”

कोणी हसलं नाही, पण कोणी त्याला गप्पही केलं नाही. पुढच्या बाकावरची एक म्हातारी हातातला स्टिकर सोलायला लागली होती, आणि तिची नजर उजवीकडच्या कागदावर होती. वायरमनच्या ते लक्षात आलं. मॅडमच्या मोबाइलवर त्याचं अजून एक मिनिट बाकी होतं.

“हिचा नवरा येतो,” तो म्हणाला.

म्हातारीचा हात स्टिकरवर थांबला.

“महिन्यातून एकदा तरी येतो. माझी-तिची भिंत एक आहे. बेपत्ता वगैरे काही नाही.”

हे त्याला बायकोने सांगितलं होतं. भिंतीपलीकडून आदळआपट ऐकू आली की वायरमन शिव्या घालायचा, आणि एकदा तो तिचं दार वाजवायला उठला तेव्हा बायकोने त्याचा शर्ट धरला. तिचा नवरा येतो, तिला मारतो आणि पहाटे निघून जातो, बायको म्हणाली होती. तिच्या गालावरचं ते, ती सांगते तसं, इस्त्रीच्या वाफेने भाजलेलं नाही. कुठे बोलू नका, तिला लाज वाटते. यातलं ‘येतो’ एवढंच त्याने वर्गात सांगितलं. बाकीचं सांगायला अर्धं मिनिट होतं.

मॅडमनी अर्ज उलटला. “तुम्ही लिहिलंय, पत्ता माहीत नाही.” त्या हळू बोलल्या. “नवरा येतो का?”

इस्त्रीवालीने मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं, मग बाकांवरच्या सगळ्यांकडे.

“येतो,” ती म्हणाली.

“आणखी काही सांगायचंय?”

“नाही.”

“बघा की,” कोणीतरी म्हणालं, “आम्हाला वाटलं बिचारी.”

डावीकडच्या कागदावर अकरा स्टिकर लागले, उजवीकडे चार. वॉचमनने स्टिकर डावीकडेच लावला आणि परत येताना वायरमनच्या पाठीवर थाप मारली.

“शेवटचा एक प्रश्न, आम्ही सगळ्यांनाच विचारतो,” मॅडम वायरमनला म्हणाल्या. “तुमच्या किंवा तुमच्या पत्नीच्या नावावर दुसरीकडे कुठे घर, खोली? असेल तर हे घर देता येत नाही.”

“कुठलं आलंय.”

“कोणाला काही माहीत आहे?”

इस्त्रीवालीने तोंड उघडलं असं त्याला वाटलं, पण ती मुलीला उठवत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो जिन्याखालून जाताना तिने हाक मारली.

“भाऊजी, जरा थांबा.”

टेबलावरचे कपडे कमी झाले होते. खाली दोन गाठोडी बांधून ठेवली होती. त्याने तयारी केली होती, काय बोलायचं ते.

“मी खोटं बोललो नाही,” तो म्हणाला.

“मी कुठे म्हणते.” तिने टेबलावरच्या घोंगडीखाली हात घालून एक जाड पाकीट काढलं. “हे ताईंचं. जाताना दुसऱ्याची वस्तू बरोबर कशी नेऊ?”

पाकिटात एक किल्ली होती आणि घडी घातलेला कागद. त्याने तो तिथेच उभ्याने वाचला. बायकोच्या आईची खोली, आई गेल्यावर तिच्या नावावर झालेली. कागद तीन वर्षांपूर्वीचा होता. त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“तुम्हाला हे माहीत होतं?”

“हो.”

“परवा वर्गात माहीत होतं?”

“तेव्हाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“ताईंनी सांगितलं होतं, कोणाला सांगू नकोस.” तिने इस्त्री शर्टाच्या कॉलरवरून फिरवली. “तुम्हाला तर मुळीच नको, म्हणाल्या होत्या.”

“मला का नको?”

तिने शर्ट उलटा केला, पाठ सपाट केली.

“दोनदा जाऊन झाडून आल्या होत्या तिथे. स्वतःच्या कपड्यांची पिशवी पण माझ्याकडे आणून ठेवली होती. मग तो खोकला सुरू झाला.”

“मला घेऊन जाणार असेल. मला चकित करायचं असेल तिला.”

तिने मान वर केली. त्याच्याकडे असं पाहिलं, की ‘नाही’ म्हणण्याचीही गरज उरली नाही. मग तिने शर्टाची घडी घातली.

“तुम्ही कुठे जाणार?” पाकीट खिशात घालत त्याने विचारलं.

“नवऱ्याकडे. आता अर्जावर ‘नवरा येतो’ असंच झालंय ना.”

चार वाजता मॅडम दुसऱ्या मजल्यावर त्याची वाट पाहत होत्या. तो जिना चढून गेला तेव्हा पाकीट त्याच्या शर्टाच्या खिशात होतं, आणि खिसा फुगलेला दिसू नये म्हणून त्याने त्यावर हात धरला होता. मॅडमना वाटलं, त्याला छातीत दुखतंय. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली.

खोली चांगली होती. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन अर्ध्या फरशीवर आलं होतं. त्याने सही केली, किल्ली घेतली, सवयीने दिव्याचं बटण दोनदा खालीवर करून पाहिलं.

“एक राहिलं,” मॅडम म्हणाल्या. “दारावरच्या पाटीवर आम्ही नवरा-बायको दोघांची नावं घालतो, बाईचं आधी. तुमच्या बाबतीत...” त्या थांबल्या. “तुम्हाला त्रास होणार असेल तर फक्त तुमचं घालू.”

वायरमनने उन्हाकडे पाहिलं. मग खिशावरचा हात काढला.

“दोघांची घाला,” तो म्हणाला. “तिचंच आधी.”

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी ते लिहून घेतलं.