सैल बाजू

सुई कापडात अर्धी गेली आणि अडली. थोरलीने अंगठ्याने रेटा दिला, तशी मनगटापासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की तिने गोधडीच खाली टाकली. मग नेहमीप्रमाणे सुईला नावं ठेवली. हल्लीच्या सुयांना पाणीच नाही, म्हणाली.

समोर बसून शेंगा निवडणाऱ्या धाकट्या जावेने मान वर केली नाही. सुई कालच नवी आणलेली होती आणि आणली तिनेच होती.

दोघी जावा एकाच घरात म्हाताऱ्या झाल्या. घरातली प्रत्येक गोधडी दोघींनी मिळून शिवलेली. थोरलीने एका काठाकडून सुरुवात करायची, धाकटीने दुसऱ्याकडून, आणि मधोमध भेटायचं. थोरलीचा टाका मुंगीएवढा, घट्ट, ओळंब्यात धरल्यासारखा. धाकटीचा लांब, सैल, आपल्या तंद्रीत चाललेला. पाहुणे यायचे, थोरलीच्या बाजूवरून हात फिरवून वा वा करायचे, आणि थोरली म्हणायची, "ती पलीकडची बाजू आमच्या धाकटीची," म्हणजे कुणाचा गैरसमज नको.

ही गोधडी मात्र तिने एकटीने घेतली होती. धाकटीच्या लेकीला दूरच्या थंड गावी, इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती. तेव्हाच तिने सख्ख्या आईला सोडून काकूला सांगितलं होतं, "मोठी आई, मला सगळी तुझ्याच टाक्याची गोधडी हवी." या एका वाक्यावर थोरली महिनाभर तरंगत होती. आणि आता निम्मी गोधडी झाली होती, रविवारी पोरगी निघणार होती, आणि अंगठा सुजून बटाटा झाला होता. डॉक्टरांनी पट्टा बांधून शिवण बंद करायला सांगितलं. थोरलीने पट्टा घरी येताच सोडला. पोरीला रिकाम्या हाताने पाठवायचं, तर मग हे हात कशाला ठेवलेत, असं तिला वाटत होतं, आणि त्या विचाराने तिला खरोखर भीती वाटली.

शेंगांची परात बाजूला सारून धाकटी उठली. तिने एक उशी आणून थोरलीच्या कोपराखाली सारली.

"ताई, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"रागावणार. सांग."

"तुम्ही सुईशी कुस्ती खेळता."

मग ती शेजारी बसली आणि तिने दाखवलं. थोरलीने कापड गुडघ्याखाली ताणून धरलं होतं, ते आधी मोकळं केलं. मांडीवर ढिलं पडू दे म्हणाली. सुई चिमटीत आवळायची नाही, नुसती टेकवायची. मागून रेटायचं ते मधल्या बोटाने, अंगुस्तान घालून. सुई जागेवरच ठेवायची आणि कापडच तिच्यावर वरखाली करत चढवायचं. तीनचार टाके जमले की फुग्याच्या रबराचा तुकडा धरून सुई ओढून घ्यायची, म्हणजे अंगठ्याला पिळावं लागत नाही. दोरा हातभरच घ्यायचा. तो संपला की उठायचं, हात झटकायचे, पाणी प्यायचं.

थोरलीला आठवलं, धाकटी शिवता शिवता सारखी उठायची आणि आपण तिला कामचुकार म्हणायचो.

तिने करून पाहिलं. टाका दुप्पट लांब पडला. तिने तो उसवला. पुन्हा घातला, पुन्हा लांब. "हे तर तुझं झालं," ती म्हणाली. धाकटी म्हणाली की हात मोडून लहान टाका घालण्यापेक्षा हात राखून मोठा घातलेला बरा, आणि शेंगांकडे परत गेली. थोरलीने तिसऱ्यांदा उसवायला कात्री उचलली, अंगठ्याकडे पाहिलं आणि कात्री खाली ठेवली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण त्या दुपारी थोडा गेला. संध्याकाळपर्यंत पाच ओळी झाल्या आणि हात दुखला नाही. शनिवारी रात्री गोधडी पुरी झाली.

रविवारी सकाळी बॅग भरताना थोरलीने स्वतःच गोधडी उलगडून दाखवली. आडपडदा तिला कधी जमलाच नव्हता.

"इथपर्यंत माझा टाका आहे. पुढचा बिघडलाय. हात चालेना."

पोरीने दोन्ही बाजूंवरून हात फिरवला आणि हसली. "बरं झालं. गळ्याशी कुठली बाजू घ्यायची याची मला चिंताच होती."

"म्हणजे?"

"तुझी बाजू पायाकडे ना, मोठी आई. घट्ट असते, कितीही लाथा मारा, फाटत नाही. म्हणून तर तुझी मागितली. पण गळ्याशी टोचते. सैल बाजू ऊबदार. घरात सगळे तसंच घेतात. मोठे बाबा तर रोज गोधडी फिरवून घ्यायचे."

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी बॅगेची चेन लावण्यात गुंतली होती.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस."

"तुमच्या टाक्याला बोललेलं तुम्हाला कधी चाललंय, ताई?"

थोरलीला राग यायला हवा होता. आलं ते हसू, आणि हसता हसता डोळे भरले. तिने पोरीला जवळ घेतलं, गोधडी सैल बाजू वर येईल अशी घडी करून बॅगेत ठेवली आणि रिक्षा वळेपर्यंत दारात उभी राहिली.

जेवणं झाल्यावर ती आपल्या खोलीत आडवी व्हायला गेली. पलंगावर जुनी गोधडी होती, तिची बाजू उशीकडे, जशी ती रोज घालायची. नवरा रोज ती फिरवून घ्यायचा. या माणसाला साधी उशा-पायथ्याची बाजू कळत नाही, असं म्हणून तो झोपला की ती पुन्हा फिरवायची. तो कधी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने फिरवायचा. जाऊन त्याला आता दोन हिवाळे झाले होते.

तिने गोधडी उचलली, फिरवली आणि सैल बाजू उशीकडे घेतली. मग आपल्या जागी निजली, दुखरा अंगठा आत घेतला, आणि पलीकडच्या रिकाम्या जागेवरची गोधडी नीट वरपर्यंत ओढून दिली.