मावशी कुठे बघत नाही

वेबसाइटच्या वरच्या मेन्यूच्या पट्टीत जेमतेम सहा पर्याय मावतात, आणि त्या सहा पर्यायांपायी मी तीन महिने डोकेफोड केली. काम होतं कानाच्या यंत्रांच्या कंपनीचं. वापरणारे म्हातारे, फोनवर धड ऐकू न येणारे. त्यांची सगळी भिस्त त्या पट्टीवर. म्हणून मी थेट मावशीलाच गाठलं. तिला ऐकू कमी येतं आणि कॉम्प्युटरशी तिचं उभं वैर.

ती स्क्रीनसमोर, मी शेजारी वही घेऊन. "यंत्र परत करायचं झालं तर कुठे क्लिक करशील?" मी मोठ्याने विचारायचे. ती आधी वर डावीकडे बघायची, मग मधोमध. पानाच्या तळाशी कधीच नाही. फिकट अक्षरांकडे तर ढुंकूनही नाही. "ही काय मुंग्यांसाठी काढलीत?" म्हणायची. मी सगळं टिपून घेतलं आणि 'यंत्र परत करा' पट्टीत डावीकडून दुसरं ठेवलं, चांगलं ठळक.

माझा भागीदार कॉलेजपासूनचा मित्र. उपदेश फार करतो म्हणून त्याला आम्ही प्रोफेसर म्हणतो. माझी वही वाचून तो म्हणाला, "सोनं आहे हे." शेवटचा हात तोच फिरवणार होता. मी खूश. मूर्खच मी!

पुढे मावशीने माझ्या भरवशावर त्याच कंपनीचं यंत्र घेतलं. ते कानात शिट्ट्या मारायला लागलं. परत करायला मुदत पंधरा दिवसांची. सोळाव्या दिवशी मी गेले, तर ती स्क्रीनसमोर रडवेली होऊन बसलेली.

"चार दिवस शोधतेय गं. म्हटलं, तू केलेलं आहे, मला सापडायलाच हवं."

मी पाहिलं. पट्टीत पाचच पर्याय. सहावा पानाच्या तळाशी, फिकट, मुंगीएवढा.

मी तिथूनच प्रोफेसरला फोन लावला.

"कंपनीला यंत्रं परत यायला नको होती," तो निवांत म्हणाला. "कुठे लपवायचं ते तुझ्या वहीत आयतंच होतं."

बारा वर्षं एका टेबलावर बसलो आम्ही. मी फोन कापला. रडूच आलं.

फोनवरचं मावशीला काही कळलं नव्हतं. ती नुसती माझ्याकडे बघत होती.

"तू शेजारी बसून लिहून घ्यायचीस," ती हळूच म्हणाली, "मी कुठे बघत नाही ते. ते यासाठी होतं का गं?"

"नाही गं, मावशी!" मी ओरडले.

तिने कानातलं यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.